इंटरप्ट हँडलर: लाईन कोणी शांत करायची आणि कधी

चिपळूणला वाशिष्ठीकाठी पाऊस आणि पाण्याची पातळी मोजणारं छोटं केंद्र उभारणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर त्यांनी स्वतः लिहिलेलं लिनक्स कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेला कोड) चालतं. गच्चीवरच्या टिपिंग बकेट पर्जन्यमापकाचा (ठरावीक पाणी भरलं की त्यातली छोटी बादली कलंडते) रीड स्विच एका जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट) पिनवर आहे. नदीच्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर आहे आणि त्याची ‘डेटा तयार’ पिन दुसऱ्या जीपीआयओवर. बादली एकदा कलंडली की मोजणी तीन-चारने वाढते. हँडलरमधून (उपकरणाने लाईनवर खूण करून सीपीयूचं हातातलं काम थांबवलं, म्हणजे इंटरप्ट दिला, की धावणारा कोड) एडीसी वाचायला गेलं की ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ अशी कर्नलची तक्रार येते. वाचन थ्रेडमध्ये (हँडलरबाहेर वेगळ्या चालणाऱ्या कोडमध्ये) हलवलं तर मशीन गोठतं आणि थोड्या वेळाने ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन कर्नल ती लाईनच बंद करतं. सोबत अभ्यास म्हणून एक्स८६ वर स्वतःचं लहानसं कर्नल लिहिणं चालू आहे. त्यात टायमरचा इंटरप्ट एकदाच येतो, पुन्हा येतच नाही.

या चारही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: लाईन शांत करण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती नेमकी कोणत्या क्षणी पार पाडायची. हँडलर लिहिताना बहुतेकांचं लक्ष ‘इंटरप्ट आल्यावर काय काम करायचं’ याच्याकडे असतं. काम दुय्यम आहे. आधी शांत करण्याचा हिशेब लावा.

तो हिशेब तीन ठिकाणी असतो. पहिलं ठिकाण म्हणजे खुद्द उपकरण. त्याच्या स्टेटस रजिस्टरमधला बिट साफ होईपर्यंत किंवा त्यातला डेटा वाचला जाईपर्यंत ते लाईन धरून ठेवतं. दुसरं ठिकाण इंटरप्ट कंट्रोलर: जुन्या पीसीत ८२५९, आताच्या एक्स८६ मध्ये एपिक, एआरएममध्ये जीआयसी. कोणता इंटरप्ट प्रलंबित आहे आणि कोणता सध्या हाताळला जातोय याची नोंद तो ठेवतो, आणि ‘झालं’ असं सांगितल्याशिवाय तोच इंटरप्ट पुन्हा पुढे पाठवत नाही. तिसरं ठिकाण सीपीयू. हँडलरमध्ये शिरताना तो स्वतःचा इंटरप्ट फ्लॅग बंद करतो आणि परत जाताना उघडतो. लिनक्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणचं काम कर्नलचा इंटरप्ट स्तर करतो. पहिलं काम ड्रायव्हरचं. ते दुसरं कोणी करूच शकत नाही, कारण उपकरणाचं स्टेटस रजिस्टर कुठे आहे हे फक्त ड्रायव्हरलाच माहीत असतं. स्वतःचं कर्नल लिहिताना मात्र तिन्ही कामं आपल्याच गळ्यात.

म्हणून तुमच्या छोट्या कर्नलचा प्रश्न आधी निकालात काढू. टायमर एकदाच येतो याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच: कंट्रोलरला ‘एंड ऑफ इंटरप्ट’ पाठवलेला नाही. ८२५९ वापरत असाल तर हँडलर संपवताना पोर्ट ०x२० वर ०x२० लिहा. इंटरप्ट ८ ते १५ पैकी असेल तर आधी दुय्यम चिपच्या ०xए० पोर्टवर आणि मग मुख्य चिपवर, असं दोन्हीकडे लिहावं लागतं. पहिल्याच इंटरप्टला ‘डबल फॉल्ट’ येत असेल तर रोग वेगळा आहे. बायोस आयआरक्यू (इंटरप्टच्या लाईन) ० ते ७ यांना व्हेक्टर (कोणता हँडलर धावेल ते ठरवणारे क्रमांक) ८ ते १५ देऊन ठेवतं, आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये व्हेक्टर ८ म्हणजे डबल फॉल्ट. आयडीटीतल्या (हँडलरांच्या पत्त्यांच्या तक्त्यातल्या) २५६ नोंदींपैकी ० ते ३१ एक्सेप्शनसाठी (सीपीयूला स्वतःलाच आढळलेल्या चुकांसाठी) राखीव आहेत, तेव्हा इंटरप्ट चालू करण्याआधी दोन्ही चिपना ०x२० आणि ०x२८ पासूनचे व्हेक्टर द्या. आणखी एक बारकावा: डबल फॉल्टसारखी काही एक्सेप्शन स्टॅकवर एरर कोड ठेवतात, हार्डवेअर इंटरप्ट ठेवत नाही. सगळ्यांना एकच स्टब (हँडलरच्या आधी चालणारा छोटा कोड) वापरला की स्टॅक एका घराने सरकतो आणि परतताना भलताच पत्ता उचलला जातो. ६४ बिटमध्ये कर्नल ‘नो रेड झोन’ पर्यायाने कम्पाइल करायला विसरू नका. नाहीतर कम्पायलर स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट आपले समजून वापरतो, इंटरप्ट आला की सीपीयू तिथेच आपले रजिस्टर ठेवतो, आणि मग एखादा लोकल व्हेरिएबल अधूनमधून उगाच बदललेला दिसतो. हा दोष शोधायला अतिशय त्रासदायक.

आयआरक्यू ७ वर कोणी न बोलावता इंटरप्ट येऊ शकतो. लाईनवर क्षणभर विद्युत गोंगाट झाला की ८२५९ असं करतो. तेव्हा त्याचं इन-सर्व्हिस रजिस्टर वाचून पाहा. बिट लागलेला नसेल तर एंड ऑफ इंटरप्ट न पाठवता परत फिरा. आयआरक्यू १५ खोटा असेल तर फक्त मुख्य चिपला पाठवा. जीआयसीत याच परिस्थितीत अ‍ॅक्नॉलेज रजिस्टर १०२३ हा आकडा देतं. तिथेही काही लिहायचं नसतं.

आता मूळ केंद्राकडे. पर्जन्यमापकाचा रीड स्विच चुंबक समोरून गेला की बंद होतो आणि पुन्हा उघडतो. बंद होताना धातूच्या पट्ट्या काही वेळा आपटतात, आणि त्या प्रत्येक आपटण्याला फॉलिंग एज (लाईन हायवरून लोवर उतरण्याचा क्षण) तयार होते. तुमच्या हँडलरने प्रत्येक एज मोजली. कर्नलने यात काही चूक केलेली नाही. त्याला सांगितलं तेच त्याने केलं.

किती वेळ थांबायचं हे पावसावरून काढता येतं. बादली ०.२ मिलिमीटरला कलंडणारी आहे. कोकणातली जोरदार सर तासाला १२० मिलिमीटरच्या वेगाने पडते असं धरलं, तर तासात ६०० वेळा, म्हणजे दर ६ सेकंदांना एकदा बादली कलंडेल. तासाला २०० मिलिमीटर धरलं तरी दोन कलंडण्यांत ३.६ सेकंदांचं अंतर पडतं. म्हणजे आपल्याकडे मुबलक वेळ आहे. हँडलरमध्ये ‘मागच्या मोजणीनंतर १०० मिलिसेकंदांच्या आत आलेली एज सोडून दे’ एवढं लिहिलं की तीन-चारचा एक होईल. पुष्कळजण इथे थांबतात. मी थांबू नका असं सांगेन, कारण या उपायाने पट्ट्यांची थरथर जाते, पण वीज कडाडल्यावर गच्चीवरून आलेल्या लांब वायरीत उमटणारा मायक्रोसेकंदांचा झटका जात नाही. तो एकटाच येतो, आधी शंभर मिलिसेकंद शांतता असते, आणि हँडलर त्याला पाऊस समजून मोजतो. मे महिन्याच्या अखेरीला वळवाच्या विजांमध्ये तुमचं केंद्र कोरड्या गच्चीवर पाऊस दाखवेल.

म्हणून असं करा. इंटरप्ट दोन्ही एजवर मागा. हँडलरमध्ये पहिल्या एजची वेळ ‘केटाइम_गेट’ने टिपून ठेवा, एक हाय-रिझोल्यूशन टायमर १५ मिलिसेकंदांवर लावा आणि परत या. थरथरीत पुन्हा एज आली तर टायमर नव्याने १५ वर लावा, टिपलेली वेळ मात्र पहिलीच राहू द्या. टायमर वाजला म्हणजे लाईन १५ मिलिसेकंद स्थिर आहे. तेव्हा पिनची पातळी वाचा. ती लो असेल आणि आधीची मान्य केलेली अवस्था हाय असेल तरच एक मोजा. हाय असेल तर फक्त अवस्था बदला. विजेचा झटका एज देतो, पण १५ मिलिसेकंदांनी वाचलं तेव्हा लाईन आपल्या जागी परतलेली असते, त्यामुळे तो आपोआप गळतो. जिफीवर (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यावर) चालणारा साधा टायमर इथे ढोबळ पडतो: एचझेड, म्हणजे सेकंदातले ठोके, १०० असेल तर एक जिफी १० मिलिसेकंदांची, आणि १५ मागितले तर २० किंवा थोडे जास्त मिळतात. रीड स्विच बंद राहण्याचा काळ मापकागणिक वेगळा असतो, तो ऑसिलोस्कोपवर एकदा पाहून घ्या आणि १५ चा आकडा त्याच्या बराच खाली ठेवा.

सॉफ्टवेअरच्या जोडीला वायरीचाही बंदोबस्त हवा. पायच्या पिनमधला अंतर्गत पुल-अप (लाईन हायकडे ओढून धरणारा रोधक) साधारण ५० किलोओहमचा. वीस-तीस मीटर वायरीसाठी तो फार कमकुवत आहे. बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप ३.३ व्होल्टला द्या, पिनपासून जमिनीला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (दोघांचा मिळून कालांक १ मिलिसेकंद), स्विच आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि शक्य तर वायर आत येते तिथे ऑप्टोकपलर (विद्युत जोड न ठेवता प्रकाशातून संकेत नेणारा भाग). ५ व्होल्ट पिनवर कधीही देऊ नका. आणि खाडीच्या खाऱ्या हवेत उघडं टर्मिनल एका पावसाळ्यात हिरवं पडतं, संपर्क अर्धवट होतो, मग लाईन अधांतरी लोंबकळते आणि इंटरप्टचा पाऊस सुरू होतो. जोड डाखून, हीट-श्रिंक चढवून बंद करा. कोडमधला दोष समजून दिवस घालवण्याआधी मल्टिमीटर लावा.

एडीसीचा प्रश्न जातकुळीनेच वेगळा आहे, कारण पर्जन्यमापक एजचं उपकरण आहे आणि एडीसी लेव्हलचं. पूर्वी खाडीपलीकडून तरीला बोलावायचं तर एक हाळी द्यायची किंवा कापड उंच धरून उभं राहायचं. हाळी ऐकू आली नाही तर गेली. कापड मात्र होडी येईपर्यंत दिसत राहतं. एज म्हणजे हाळी, लेव्हल म्हणजे कापड. तुमचा एडीसी ‘डेटा तयार’ पिन लो करतो आणि त्याचं कन्व्हर्जन रजिस्टर आय-टू-सीवरून वाचेपर्यंत लोच ठेवतो. म्हणजे शांत करायचा एकमेव मार्ग आय-टू-सी वाचन. आणि आय-टू-सी वाचन झोपतं: ४०० किलोहर्ट्झवर चार-पाच बाइटची देवाणघेवाण व्हायला शंभरावर मायक्रोसेकंद लागतात, तेवढा वेळ कंट्रोलरचा ड्रायव्हर प्रोसेसला झोपवून दुसऱ्याला सीपीयू देतो. हार्ड इंटरप्टच्या संदर्भात झोपायला परवानगी नाही, कारण तिथे झोपवायला प्रोसेसच नाही. ज्याच्या डोक्यावर इंटरप्ट येऊन बसला तो बिचारा भलताच कोणीतरी असतो. म्हणून ‘शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’. म्यूटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारं कुलूप), ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागणं, युजरच्या मेमरीत कॉपी करणं, ‘एमस्लीप’ हे सगळं त्याच कारणाने हँडलरमध्ये वर्ज्य.

तुम्ही वाचन थ्रेडमध्ये हलवलंत हे बरोबरच केलंत. ‘रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू’ ही सोय लिनक्समध्ये २.६.३० पासून, म्हणजे २००९ पासून आहे आणि तुमच्या कामाला तीच योग्य. चूक झाली ती फ्लॅगमध्ये. तुमचा पहिला हँडलर ‘आयआरक्यू_वेक_थ्रेड’ परत करतो. कर्नल समजतं की तातडीचं काम संपलं, आणि लाईन पुन्हा उघडतं. पण पिन अजून लोच आहे, कारण वाचन थ्रेडमध्ये व्हायचंय आणि थ्रेडला अजून सीपीयूच मिळालेला नाही. लगेच पुन्हा इंटरप्ट. पुन्हा तेच. थ्रेड साधारणपणे त्याच कोअरवर ठेवलेला असतो, आणि तो कोअर हँडलरमधून बाहेरच पडत नाही. हे झालं गोठणं. दरम्यान कर्नल मोजत असतं: एका लाईनवर १,००,००० इंटरप्ट झाले की त्यांतले ९९,९०० हून जास्त कोणी हाताळले नाहीत का ते पाहतं. थ्रेडची प्रगती होत नसल्यामुळे हेही ‘न हाताळलेले’ धरले जातात आणि ‘नोबडी केअर्ड’ छापून लाईन बंद होते. तुम्हाला दिसलेली दोन लक्षणं म्हणजे एकाच आजाराचे दोन टप्पे आहेत.

उपाय: ‘आयआरक्यूएफ_वनशॉट’ द्या. मग थ्रेड संपेपर्यंत लाईन कंट्रोलरवरच झाकलेली राहते, थ्रेड एडीसी वाचतो, पिन हाय होते, आणि त्यानंतर लाईन उघडते. तुमच्या पहिल्या हँडलरमध्ये दुसरं काही नसेल तर तिथे सरळ नल (NULL, म्हणजे काहीच नाही) द्या. नल दिलं आणि वनशॉट विसरलात तर कर्नल नोंदणीच नाकारतं, ही चूक त्याला ओळखता येते. तुम्ही स्वतःचा हँडलर दिलात, म्हणून ते गप्प बसलं. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) या पिनचा प्रकार ८, म्हणजे लो लेव्हल, लिहा (१ वाढती एज, २ उतरती, ३ दोन्ही, ४ हाय लेव्हल) आणि ड्रायव्हरमध्ये तो पुन्हा देऊ नका. एकाच ठिकाणी असलेला बरा.

‘मग एडीसीलाही उतरती एजच लावू, गोठायचा प्रश्नच नाही’ असं कोणी सुचवेल. ते चालतंय असं वाटतं, आणि मग एक दिवस पातळीचा आकडा तिथेच थिजतो. मॉड्यूल चढताना पिन आधीच लो असेल तर एज येणारच नाही. एज आली नाही म्हणून वाचन नाही, वाचन नाही म्हणून पिन हाय होणार नाही. कायमची कोंडी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्या गावात नदी चढत असताना जुनाच आकडा दाखवत बसणारं केंद्र फसवं आहे. हार्डवेअर लेव्हल देत असेल तर लेव्हलच वापरा, आणि वर शेवटच्या वाचनाची वेळ प्रत्येक आकड्यासोबत बाहेर द्या, म्हणजे थिजलेला आकडा ओळखू येईल.

पुढेमागे पिना कमी पडल्या म्हणून पर्जन्यमापक आय-टू-सी एक्सपांडरवर (बसवरून जास्तीच्या पिना देणाऱ्या चिपवर) नेलात तर वरचा हँडलर चालणार नाही. तिथे कोणती पिन वाजली हे विचारायलाच बसवरून जावं लागतं, त्यामुळे इंटरप्ट थ्रेडमध्येच पोचतो आणि साध्या ‘रिक्वेस्ट_आयआरक्यू’ला ‘इनव्हॅलिड’ उत्तर मिळतं. टायमरमधून पिन वाचणंही बाद. त्यापेक्षा पर्जन्यमापकाला पायची स्वतःची पिनच राखून ठेवा.

मशीन गोठण्याचं आणखी एक कारण तुमच्या मॉड्यूलमध्ये असू शकतं, आणि ते फक्त मुसळधार पावसातच प्रकट होतं. ‘रीड’मध्ये (प्रोग्रामने आकडा मागितला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आणि हँडलरमध्ये एकच स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागीच फिरत राहायला लावणारं कुलूप) साधा ‘स्पिन_लॉक’ने घेतला असेल, तर ‘रीड’ने तो धरलेला असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला की हँडलर त्या लॉकसाठी फिरत राहतो, आणि लॉक सोडणारा हँडलर संपायची वाट पाहत खाली अडकलेला असतो. ‘रीड’च्या बाजूला ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह’ वापरा. ‘प्रूव्ह लॉकिंग’ चालू करून कर्नल एकदा बांधा: प्रत्यक्ष कोंडी न होताही, दोन्ही वाटा एकेकदा चालल्या की ‘इनकन्सिस्टंट लॉक स्टेट’ असा स्पष्ट अहवाल मिळतो. त्यासोबत ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ही चालू ठेवा. नुसत्या मोजणीसाठी मात्र लॉकची गरजच नाही; अ‍ॅटॉमिक काउंटर पुरतो.

हँडलरमधले ‘प्रिंटके’ (कर्नलमधून संदेश छापणं) काढून टाका. सिरियल कन्सोल ११५२०० बॉडवर असेल तर सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ ७ मिलिसेकंद खाते. तेवढ्यात रीड स्विचची थरथर संपलेली असते, आणि छापणी चालू असताना मोजणी बरोबर दिसते, काढली की बिघडते. पाहायचंच असेल तर ‘ट्रेस_प्रिंटके’ वापरा.

नोंदणीचा आणि सोडण्याचा क्रमही पाहा. इंटरप्ट नोंदवल्याच्या पुढच्याच क्षणी हँडलर धावू शकतो, तेव्हा टायमर, काउंटर, आय-टू-सी क्लायंट हे सगळं आधी तयार करून नोंदणी शेवटी करा. सोडताना उलट: आधी इंटरप्ट, मग टायमर. ‘डेव्हएम’ प्रकारची, म्हणजे कर्नल आपोआप सोडतं ती, नोंदणी ‘रिमूव्ह’ (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) संपल्यावर सुटते. त्यामुळे ‘रिमूव्ह’मध्ये टायमर रद्द केलात आणि तेवढ्यात एज आली, तर हँडलर मेलेला टायमर पुन्हा लावतो आणि मॉड्यूल उतरल्यावर कर्नल कोसळतं.

प्रत्यक्ष लावण्याआधी घरात पाऊस पाडून पाहा. फनेलचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, आणि ०.२ मिलिमीटर म्हणजे ६.२८ मिलिलिटर पाणी. एक लिटर पाणी सलाईनच्या नळीने अर्ध्या तासात सोडा. १५९ कलंडणी यायला हवीत, आणि तो वेग तासाला सुमारे ६४ मिलिमीटर पावसाइतका आहे. मोजणी १५५ ते १६० मध्ये आली तर समाधानी राहा. १५९ च्या दुप्पट-तिप्पट आली तर थरथर अजून आत येतेय. बरीच कमी आली तर १५ मिलिसेकंद तुमच्या स्विचला जास्त होतायत किंवा बादलीचे स्क्रू बसवायला हवेत. त्याच वेळी /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये त्या लाईनचा आकडा पाहत राहा. एका कलंडण्यामागे तिथे आठ-दहा इंटरप्ट दिसले आणि मोजणी एकच वाढली तर सगळं जागेवर आहे. पाणी बंद केल्यावरही तो आकडा वाढत राहिला, तर कोडला हात न लावता गच्चीवर जा आणि वायर पाहा.